क्रूझला निघताना बॅगेत काय भरू? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे क्रूझबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. तिकीट कुठलं काढावं, हे विचारणारे त्यात थोडेच. तिकीट काढून झालेलं असतं आणि बॅग उघडून बसल्यावर प्रश्न पडायला लागतात. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

आम्ही चौघं, त्यात आठ आणि बारा वर्षांची मुलं. डिसेंबरमध्ये मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची क्रूझ आहे. बंदरापर्यंत गाडीनेच जाणार, तर प्रत्येकी एक मोठी बॅग न्यायला काय हरकत आहे, असं यांचं म्हणणं. वजनाची मर्यादा विमानासारखीच असते का? (पुणे)

मर्यादा तिकिटावर लिहिलेली असते, पण विमानतळासारखं काट्यावर चढवून एकेक किलो मोजत सहसा कोणी बसत नाही. अडचण केबिनमध्ये गेल्यावर कळते. आतल्या बाजूची, खिडकी नसलेली केबिन बहुधा 120 ते 180 चौरस फुटांची असते, बाथरूम धरून. तेवढ्यात चौघांच्या झोपायची सोय, म्हणजे दोन पलंग वरून खाली उतरणारे. चार मोठ्या बॅगा उघड्या टाकल्या तर बाथरूमला जायला उडी मारावी लागेल. म्हणून दोन रात्रींसाठी चौघांत मिळून दोन 24 इंची बॅगा, शक्यतो मऊ कापडाच्या. सामान कपाटात लावलं की रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवायच्या. कडक कवचाच्या मोठ्या बॅगा तिथे जातीलच याची खात्री नाही.

मात्र या दोन बॅगांपेक्षा तिसरी, हातातली पिशवी जास्त महत्त्वाची. टर्मिनलवर पोचलात की मोठ्या बॅगा तुमच्या हातातून जातात. त्या स्कॅन होतात, ट्रॉल्यांवर चढतात आणि शेकडो केबिनींच्या दारांशी एकेक करून पोचवल्या जातात. दुपारी दिलेली बॅग संध्याकाळी सहा-सातला, कधी जेवणाच्या वेळेपर्यंतही दाराशी येते. केबिनही लगेच मिळत नाही. म्हणजे बोटीवर चढल्यानंतरचे चार-सहा तास तुमच्यापाशी फक्त ती हातातली पिशवी असणार. मुलांना पोहण्याचा तलाव दिसला की ती थांबत नाहीत, आणि पोहण्याचे कपडे मात्र खाली कुठेतरी ट्रॉलीवर.

तेव्हा हातातल्या पिशवीत मूळ ओळखपत्रं (देशांतर्गत क्रूझला मोठ्यांचं आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट आणि मुलांचंही ओळखपत्र, आणि त्यावरची नावं तिकिटावरच्या नावांशी जुळणारी), बोर्डिंग पास, रोजची औषधं, चष्मा, चार्जर, दागिने, पोहण्याचे कपडे आणि मुलांचा एकेक जादा जोड. पिशवी पाच-सहा किलोंच्या वर नको, कारण ती खांद्यावर घेऊनच तुम्ही पहिलं जेवण करणार आहात.

आता बॅगेला लावायच्या पट्टीविषयी. कंपनी जो टॅग देते तो साधा कागद असतो, बॅगेच्या दांड्याभोवती गुंडाळून स्टेपल केलेला. ट्रॉलीवर बॅगा एकमेकींवर घासल्या की तो फाटतो, आणि बिननावाची बॅग मग टर्मिनलच्या कोपऱ्यात पडून राहते. टॅग छापून आणायचा असेल तर घडी घालून त्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी सगळीकडून फिरवा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन पिना मारा. आधीच्या विमानप्रवासाच्या पट्ट्या काढून टाका. बॅगेच्या आतही एका चिठ्ठीवर नाव, केबिन नंबर आणि मोबाइल नंबर लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट, कारण दरवेळी कोणीतरी फसतं. मुंबईची क्रूझ बॅलार्ड पिअरवरून सुटते, भाऊच्या धक्क्यावरून नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी फेरी बोट, सुटते. टॅक्सीवाल्याला नुसतं 'बोटीला जायचंय' म्हणालात तर तो तिकडेच नेईल.

चहाची छोटी इलेक्ट्रिक किटली, प्रवासी इस्त्री आणि एक एक्स्टेंशन बोर्ड या तीन वस्तूंशिवाय आमचा एकही प्रवास होत नाही. क्रूझवर यातलं काहीच चालत नाही असं ऐकलं. एवढी कडक बंदी कशासाठी? (डोंबिवली)

बरोबर ऐकलंत, तिन्ही घरी ठेवा. स्कॅनरमध्ये दिसल्या की बॅग बाजूला काढली जाते, तुम्हाला बोलावून तुमच्यासमोर उघडली जाते आणि वस्तू उतरेपर्यंत जमा राहते. तोवर तुमची बॅग केबिनला येत नाही, म्हणजे त्या संध्याकाळचे कपडेही येत नाहीत.

भर समुद्रात बोटीला सगळ्यात जास्त भीती आगीची. तिथे अग्निशमन दल बोलावता येत नाही. इस्त्री आणि किटली या तापणाऱ्या वस्तू, त्यामुळे त्यांच्यावरची बंदी कोणालाही पटते. एक्स्टेंशन बोर्डाचं कारण मात्र बहुतेकांना माहीत नसतं. घरी प्लगमध्ये दोन तारा येतात, त्यातल्या एकीत करंट, तर दुसरी न्यूट्रल, आणि ती जमिनीला जोडलेली. बोटीला जमीनच नाही. म्हणून बहुतेक बोटींवर दोन्ही तारा लोखंडी सांगाड्यापासून अलग ठेवतात, आणि दोन्हींत विजेचा दाब (व्होल्टेज) असतो. असं केल्याने एका जागी वायरचं आवरण खराब झालं तरी सगळ्या बोटीची वीज जात नाही. तुमच्या सर्ज प्रोटेक्टरवाल्या, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणाऱ्या, बोर्डातले भाग मात्र एक तार जमिनीच्या पातळीवर आहे असं धरून बनवलेले असतात. इथे त्यांच्यावर नको तेव्हा दाब येतो, ते तापतात आणि पेटू शकतात. शिवाय बोर्डावरचं बटण एकच तार तोडतं. बटण बंद, लाल दिवा बंद, तरी आत वीज शिल्लक. अलीकडे काही कंपन्यांनी सर्ज नसलेले साधे बोर्डही बंद केले आहेत. सीपॅप मशीन (झोपेत श्वास नीट चालू ठेवणारं यंत्र) वापरणाऱ्यांनी आधी कळवलं तर बोटीकडूनच एक्स्टेंशन मिळतं.

मग चार्जिंगचं काय? दोन किंवा तीन यूएसबी तोंडं असलेला, 65 वॉटचा, थेट भिंतीत बसणारा एकच चार्जर आणि दोन-दोन मीटरच्या केबल. जुन्या बोटींवर सॉकेट फक्त आरशाच्या टेबलाशी असतात, उशाशी नसतात, म्हणून केबल लांब हवी. बहुतेक बोटींवर चपट्या पिनांचं 110 व्होल्टचं अमेरिकन आणि गोल पिनांचं 220 व्होल्टचं युरोपीय अशी दोन्ही सॉकेट असतात. मोबाइलच्या आपल्या दोन गोल पिना युरोपीय सॉकेटमध्ये बसतात, लॅपटॉपचा आपला तीन पिनांचा जाड प्लग बसत नाही. त्यासाठी अडॅप्टर घ्या, पण अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्ट नाही. 230 व्होल्टचा आपला 1500 वॉटचा हेअर ड्रायर 110 वर लावला तर व्होल्टेज निम्मं आणि ताकद साधारण पाव, म्हणजे साडेतीनशे वॉटच्या आसपास. केसांवर कोमट फुंकर आणि तेवढंच समाधान. उलट, अमेरिकेतल्या भाचीने दिलेला 110 व्होल्टचा ड्रायर 220 वर लावाल तर तो जळेल. बहुतेक केबिनींत ड्रायर असतोच, न्यायची गरज नाही.

चहासाठी गरम पाणी बुफेपाशी जवळजवळ दिवसभर मिळतं. झाकणाचा थर्मास न्या, भरून केबिनमध्ये आणा.

आईची रोजची पूजा असते. निरांजन, उदबत्ती, कापूर असं थोडं सामान आणि सोबत घरचे लाडू, करंज्या, चिवडा, लोणचं न्यायचं आहे. मुंबईहून विमानाने सिंगापूर, तिथून बोट. (कोल्हापूर)

निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती, कापूर, काडेपेटी यांतलं काहीही केबिनमध्ये लावता येणार नाही. ज्योत म्हणजे आग, आणि छतातला धुराचा डिटेक्टर उदबत्तीची भक्ती ओळखत नाही. कापूर आणि काडेपेट्या तर विमानातच अडकतील. सुकं खोबरंही विमानात चालत नाही, कारण त्यातलं तेल पेट घेतं. आईंसाठी बॅटरीवर चालणारा छोटा दिवा, छोटी तसबीर, हळदी-कुंकवाची घट्ट झाकणाची डबी आणि पोथी. फुलं न्यायची झाली तर विमानाच्या पहिल्याच टप्प्यात संपवा, दुसऱ्या देशात ताजी फुलं-फळं घेऊन उतरायचं नाही.

खाण्याचं जरा नीट बघा. जवळजवळ सगळ्या कंपन्या घरी केलेले पदार्थ बोटीवर घेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली, छापील पाकिटं (बिस्किटं, भाजके चणे, बाकरवडी) साधारणपणे चालतात. डब्यातले लाडू कोणी काढून घेईल, कोणी सोडेल. तपासणाऱ्याच्या मर्जीवर पंधरा दिवसांची मेहनत सोडू नका, घरचे लाडू सिंगापूरच्या हॉटेलात खाऊन संपवा. लोणचं न्यायचंच तर लहान बंद पाउच, आणि तो दोन पिशव्यांत. तेल सुटून साडीला लागलं की बोटीवरच्या लाँड्रीलाही ते निघणार नाही.

करंज्यांत आणि अनारशावर खसखस असेल तर त्या अजिबात नेऊ नका. सिंगापूर आणि दुबई, दोन्हीकडे खसखस हा अमली पदार्थांच्या कायद्याचा विषय आहे, आणि 'फराळाचं आहे हो' हे तिथे उत्तर ठरत नाही. मसाल्याच्या पुड्यांमध्येही बघा, काही मसाल्यांत खसखस असते. तंबाखूची पुडी, मिसरी, च्युइंग गम, ई-सिगारेट हेही सिंगापूरला नको.

जेवणाची काळजी मात्र फार करू नका. भारतीय प्रवासी जास्त असलेल्या बोटींवर शाकाहारी आणि जैन जेवण असतं. जैन, उपासाचं किंवा कांदा-लसूण वर्ज्य हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळी लेखी नोंदवा आणि चढल्यावर पहिल्याच जेवणाला मुख्य वाढप्याला पुन्हा सांगा.

मला गाडी लागते. बोटही लागेल का? गोळी कुठली, कधी घ्यायची? (नाशिक)

गाडी लागणाऱ्याला बोट लागण्याची शक्यता जास्त, पण लागेलच असं नाही. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते बोटीचं डाव्या-उजव्या बाजूला डोलणं बरंच कमी करतात. पुढून-मागून वर-खाली होणं मात्र त्यांच्याने थांबत नाही. म्हणून केबिन घेतानाच विचार करा: खालच्या डेकवरची आणि लांबीच्या मध्यावरची केबिन सर्वांत कमी हलते, सी-सॉच्या मधल्या खांबासारखी. वरच्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची बाल्कनीवाली केबिन महाग आणि हलणारीही जास्त. डिसेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र शांत असतो. मे अखेरीस पावसाच्या तोंडावर त्याचा भरवसा नाही.

बोट लागते ती पोटामुळे नव्हे. कानाच्या आतला तोलाचा अवयव 'हलतोय' म्हणतो, आणि केबिनच्या भिंतीकडे बघणारे डोळे 'सगळं स्थिर आहे' म्हणतात. मेंदूला दोन्ही पटत नाही, त्यातून मळमळ. म्हणून मळमळायला लागलं की केबिनमध्ये पडून मोबाइल बघणं सगळ्यात वाईट. उघड्या डेकवर मध्यभागी या आणि क्षितिजाच्या रेषेकडे बघा.

गोळीबद्दल सर्रास होणारी चूक म्हणजे उलटी थांबवायची म्हणून घरात असलेली ओन्डॅनसेट्रॉन बरोबर घेणं. पोट बिघडून होणाऱ्या उलटीवर ती चांगली, पण हालचालीमुळे होणाऱ्या मळमळीवर तिचा उपयोग होत नाही. त्यासाठी प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिनसारखी औषधं लागतात. आपल्याकडे मिळणारी अॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिनच. ती मळमळ सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायची: बोट सुटण्याच्या एक-दोन तास आधी, किंवा लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना. गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, आणि दारूबरोबर नको म्हणजे नको. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पाच वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय देऊ नका. शक्य असेल तर घरी एक सुट्टीचा दिवस बघून एक गोळी घेऊन पाहा, कितपत झोप येते ते कळेल.

उलट्या सुरू झाल्या तर गोळी पोटात टिकत नाही. मग बोटीवरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेणं शहाणपणाचं. बरोबर आलेपाकाच्या वड्या ठेवा, काहींना आल्याने बरं वाटतं. पोट रिकामं ठेवू नका, तळलेलं भरूही नका, कोरडी बिस्किटं थोडी थोडी खा. मळमळ टाळायला मनगटावर बांधतात त्या पट्ट्यांचा पुरावा कच्चा आहे. बांधल्या तर नुकसान नाही.

सिंगापूरहून तीन रात्रींची क्रूझ आहे, मलेशियाला थांबते. व्हिसा झालाय. आणखी कुठले कागद लागतील? (ठाणे)

व्हिसावर 'मल्टिपल' लिहिलंय ना, आधी ते पाहा. तुम्ही विमानाने सिंगापूरला उतरता, बोटीने बाहेर जाता आणि बोटीने पुन्हा सिंगापूरला येता, म्हणजे प्रवेश दोनदा. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बोटीवर चढताना तुम्हाला परत पाठवतील. पासपोर्ट प्रवासानंतरही सहा महिने वैध हवा. सिंगापूरचं आणि मलेशियाचं अशी दोन्ही डिजिटल अरायव्हल कार्डं पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची. दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर फुकट भरता येतात. पैसे मागणारं पान उघडलं तर ते बंद करा, ती दलालांची दुकानं आहेत.

सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनलं आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट, आणि ती एकमेकांपासून चांगलीच लांब. तिकिटावर कुठलं आहे ते बघून टॅक्सी सांगा. विमान आदल्या दिवशीचं घ्या. विमानाला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही. काही बोटींवर चढताना पासपोर्ट जमा करून घेतात, त्यामुळे छायाप्रत आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. पॉवर बँक विमानात फक्त हातातल्या पिशवीत चालते. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर सिंगापूरचे नियम आधी तपासा, काही औषधांना परवानगी काढावी लागते.

मुलाकडे सिअॅटलला आलो आहोत. तो आम्हाला सिअॅटलहूनच अलास्काची क्रूझ करवणार आहे. ऑगस्ट म्हणजे उन्हाळाच, मग गरम कपडे कशाला? आणि अमेरिकेचा व्हिसा पुरेल ना? (सध्या अमेरिकेत, मूळ सातारा)

नाही पुरणार, आणि हे तुम्ही वेळेवर विचारलंत. सिअॅटलहून सुटून सिअॅटललाच परतणारी बोट वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला किंवा तिथल्या दुसऱ्या एखाद्या बंदराला लागते. याचं मूळ 1886 च्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये, किंवा एकाच बंदरातून निघून तिथेच परत, नुसती प्रवासी वाहतूक करू नये म्हणून मध्ये परदेशी बंदर हवं. व्हिक्टोरियाला बोट संध्याकाळी काही तासच थांबते, तुम्ही उतरला नाहीत तरीही चढतानाच कॅनडाचा व्हिसा मागतात. भारतीय पासपोर्टवर तो आधी काढावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, आठवडे जातात. मुलाकडे ग्रीन कार्ड असेल तर त्याला तो व्हिसा लागत नाही. त्यामुळे त्याच्या लक्षातही येत नाही, आणि आईवडील मात्र धक्क्यावर अडकतात.

कपड्यांचं म्हणाल तर अलास्कात ऑगस्टची दुपार 15 ते 18 अंशांची असते, बर्फाच्या नदीसमोर बोट उभी राहिली की वाऱ्याने ती पाच-सहा अंशांसारखी वाटते. केचिकन बंदराचा वर्षाचा पाऊस आपल्या कोकणाच्या तोडीचा, फक्त तो बाराही महिने पसरलेला आणि थंडगार. एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन थर न्या: आत अंगाला चिकटणारं पातळ थर्मल, मध्ये लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, वर टोपीचं जलरोधक जॅकेट. छत्री नको, डेकवर ती उलटी होते. कानटोपी, हातमोजे, पाणी न शिरणारे बूट आणि दोन जोड जादा मोजे. 8 बाय 42 ची दुर्बीण दोघांत एक. देवमासा लांबवर दिसतो तेव्हा मोबाइलचा झूम काही कामाचा नसतो.

'फॉर्मल नाइट'ला नक्की काय घालायचं? गाऊन शिवायला टाकू का? (नागपूर)

गाऊन कशाला! पैठणी, नारायणपेठ, कुठलीही रेशमी साडी जगातल्या कुठल्याही बोटीवर फॉर्मलच. पुरुषांना जोधपुरी किंवा बंद गळ्याचा कोट. एक-दोन रात्रींपुरता हा थाट असतो, बाकी दिवस साधे कपडे. कांजी केलेली सुती साडी मात्र नेऊ नका, केबिनमध्ये इस्त्री नाही आणि लाँड्री दर नगाप्रमाणे पैसे घेते. रेशमी साडी घडी न घालता सुती कापडाबरोबर गुंडाळी करून ठेवा. चुरगळलेलं कापड आंघोळीच्या वाफेत अर्धा तास टांगलं तरी बरंच सरळ होतं.

टांगायला हुक लागतील. केबिनच्या भिंती आणि छत पोलादी असतात, वर नुसता पत्र्याचा किंवा लाकडासारखा दिसणारा थर. चांगले चुंबकी हुक चार-सहा नेलेत की ओले कपडे, टोप्या, ओळखपत्रांच्या दोऱ्या सगळं भिंतीला. काही भिंतींना चिकटत नाहीत, फिरवून बघा.

उघड्या डेकवर वाऱ्याचा जोर असतो, पदराला दोन मोठ्या पिना हव्यातच. टाचांचे बूट फक्त जेवणाच्या रात्रीला, बाकी वेळी रबरी तळाच्या सपाट चपला. जेवणाच्या दालनात एसी बोचरा असतो, शाल जवळ ठेवा. तलावात सुती टी-शर्ट, सलवार चालत नाही, नायलॉनचा पोहण्याचाच पोशाख लागतो. पूर्ण अंग झाकणारे मिळतात, घरूनच घ्या.

वडिलांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. केबिनमधला फ्रीज पुरेल का? (सांगली)

त्या छोट्या फ्रीजवर विसंबू नका. तो बहुधा पाणी थंड करण्यापुरताच असतो, आणि काही बोटींवर तो कमी-जास्त होत राहतो. न उघडलेला साठा दवाखान्यात किंवा कंपनीकडे आधी मागितलेल्या औषधी फ्रीजमध्ये ठेवा. वापरात असलेलं पेन खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे चालतं, पण तुमच्या ब्रँडच्या पाकिटावरची मर्यादा बघा. सुया टाकायला केबिन सेवकाकडे सुयांचा डबा मागा, कचऱ्याच्या टोपलीत टाकू नका.

बाकी औषधं जितके दिवस तितकी अधिक चार दिवसांची, आणि सगळी हातातल्या पिशवीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधांची मूळ नावं लिहून घ्या, ब्रँडची नावं परदेशातल्या डॉक्टरला कळत नाहीत. घरची मेडिक्लेम पॉलिसी बहुधा देशाबाहेर चालत नाही. परदेशी बोटीवर दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये येतं, तेव्हा बोटीवरून हलवण्याचा खर्च धरलेला प्रवासविमा घ्या. लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात अशा थांब्यांना, उदाहरणार्थ लक्षद्वीपला, वडिलांना चढ-उतार जमेल का हेही आधी बघा. दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीवर.

विचारायला संकोच वाटतो, पण बाथरूममध्ये जेट असतो का? (नाव-गाव नको)

संकोच कशाला, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. परदेशी बोटींवर बहुधा नसतो. अर्धा लिटरची, तिरक्या नळीची दाबायची प्लॅस्टिक बाटली मिळते, ती न्या. पाणी कमोडमध्येच जाऊ द्या, शॉवरचा कोपरा सोडला तर बाथरूमच्या फरशीवर पाणी जायला वाट नसते. कमोड हवेने ओढून घेणारा असतो, आवाज मोठा, आणि त्यात ओले टिश्यू टाकले तर एकाच रांगेतल्या कितीतरी केबिनींचं तुंबतं. झाकण लावून मगच बटण दाबा.

बुफेपाशी सॅनिटायझर ठेवलेलं असतं. बोटींवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाबांचा विषाणू) त्याचा विशेष असर होत नाही, साबणाने वीस सेकंद हात धुवावेच लागतात.

आमच्या ओळखीत एकाला क्रूझनंतर मोबाइलचं भलंमोठं बिल आलं. कसं टाळायचं? (संभाजीनगर)

किनाऱ्याचा सिग्नल सुटला की बोटीवरचा उपग्रहाचा मोबाइल टॉवर चालू होतो, आणि फोन आपणहून त्याला जोडला जातो. तुमचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक देशांसाठी असतो, समुद्रासाठी नाही. बोट सुटतानाच विमान मोड लावा आणि हवं असेल तर त्यावर वायफाय चालू करा. घड्याळ स्वयंचलित ठेवू नका, बोटीची वेळ हाताने लावा. बंदरावर उतरलेल्यांना परत यायची वेळ बोटीच्या घड्याळाने दिलेली असते, आणि स्वतःच्या टॅक्सीने फिरायला गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही.

ओटीपी समुद्रात येणार नाही, म्हणून कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार निघण्याआधीच बँकेच्या अॅपवरून चालू करा. बोटीवर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर. त्यामागे क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट जोडलंत तर अनामत म्हणून धरलेली रक्कम उतरल्यावरही काही दिवस अडकून राहते.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या म्हणतात, ते का? (रत्नागिरी)

हजार-दीड हजार माणसं सकाळी एकदम बॅगा ओढत जिन्यांवर आली तर कोणीच उतरणार नाही, म्हणून. त्या दिवशी केबिनमध्ये रंगीत टॅग येतात, ते बॅगेला लावून सांगितलेल्या वेळेपर्यंत, बहुधा रात्री दहा ते बाराच्या दरम्यान, बॅग बाहेर. सकाळी टर्मिनलवर त्या रंगाच्या रांगेत ती मिळते. स्वतःच ओढून न्यायची असेल तर तीही मुभा असते, दोन रात्रींच्या सामानाला तेच सोपं.

बॅग बाहेर ठेवण्याआधी सकाळचा पूर्ण पोशाख बाजूला काढा: अंतर्वस्त्रं, चपला, दातांचा ब्रश, औषधं, कागद. बॅग गेल्यावर ती परत मिळत नाही, आणि नाइट ड्रेसवर इमिग्रेशनच्या रांगेत उभी राहिलेली माणसं प्रत्येक फेरीला एक-दोन तरी दिसतातच. तिजोरी, फ्रीज, दारामागचा हुक आणि भिंतीवरचे चुंबकी हुक ही विसरायची ठिकाणं. पासपोर्ट तिजोरीत असतील तर सकाळी घालायच्या चपलांपैकी एक त्यांच्या शेजारी ठेवा.